कार्यालयीन खाती आणि त्रयस्थ ॲपचा प्रवेश : परवानगीच्या व्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा (इ. स. १९६१ ते २०२५)

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या अथवा कचेरीच्या अधिकृत ई-मेल खात्यातून काम करणाऱ्या व्यक्तीसमोर अलीकडे एक छोटी चौकट वारंवार उघडते. सभेचे इतिवृत्त आपोआप तयार करून देणारे, विद्यार्थ्यांच्या उत्तरांचे गुणांकन करणारे अथवा वेळापत्रक आखून देणारे एखादे ॲप त्या चौकटीतून काही परवानग्या मागते. खात्यातील पत्रव्यवहार वाचणे, संगणकीय कपाटातील फाइली पाहणे, संपर्कयादी उघडणे अशा त्या परवानग्या असतात. खाली दोन बटणे असतात : एक परवानगी देण्याचे व दुसरे नाकारण्याचे. बहुतेक प्रसंगी पहिले बटण दाबले जाते आणि काम पुढे सुरू होते. हे ॲप खातेदाराचे नसते, खाते पुरविणाऱ्या कंपनीचेही नसते. ते तिसऱ्याच कोणाचे तरी असते. म्हणूनच त्यास त्रयस्थ ॲप असे म्हटले जाते.

या साध्या कृतीत एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. ही परवानगी नेमकी कोण देत आहे आणि कोणाच्या मालकीच्या माहितीसंबंधी देत आहे? खाते संस्थेचे, त्यातील माहिती विद्यार्थ्यांची, सहकाऱ्यांची व संस्थेची. परंतु संमतीचे बटण दाबणारी व्यक्ती मात्र एकटी. ही विसंगती तंत्रज्ञानाच्या इतिहासात कशी निर्माण झाली, तिचे कोणते परिणाम झाले आणि ती दूर करण्याचे प्रयत्न कोणत्या क्रमाने झाले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. या विषयाकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः हा अधिकारदानाचा, म्हणजेच एकाने दुसऱ्यास आपल्या वतीने काम करण्याची मुभा देण्याचा इतिहास आहे.

मुखत्यारपत्राची कल्पना :

अधिकारदानाची कल्पना मराठी समाजास नवी नाही. पेशवाईच्या काळातील मुतालिक हा आपल्या वरिष्ठाच्या वतीने कारभार पाहत असे. आजच्या व्यवहारात तेच कार्य मुखत्यारपत्राने होते. मुखत्यारपत्रात देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे नाव असते, कोणकोणती कामे करावयाची त्यांचा तपशील असतो आणि सामान्यतः ते रद्दही करता येते. सर्वाधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र आणि एकाच कामापुरते दिलेले खास मुखत्यारपत्र यांतील भेद तर सामान्य माणसासही ठाऊक असतो. अनोळखी इसमास कुलमुखत्यारपत्र करून देण्यापूर्वी कोणीही दहा वेळा विचार करतो.

त्रयस्थ ॲपला दिलेली परवानगी ही तत्त्वतः मुखत्यारपत्रच होय. परवानगी मिळताच खाते पुरविणारा सर्व्हर त्या ॲपच्या नावाने एक सांकेतिक अक्षरमाला तयार करतो. तिला टोकन म्हणतात. ते टोकन दाखविले की ॲपला खात्यातील ठरावीक भागात प्रवेश मिळतो. पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही, मोबाइलवर येणारा सांकेतांकही लागत नाही. खातेदार झोपलेला असो वा रजेवर असो, ॲप आपले काम करीत राहते. साम्य येथे संपते आणि एक महत्त्वाचा फरक सुरू होतो. संस्थेच्या जमिनीचे मुखत्यारपत्र संस्थेतील एखाद्या लिपिकाने परस्पर करून दिले, तर ते कोणीही ग्राह्य धरणार नाही. संगणकीय व्यवहारात मात्र अनेक वर्षे नेमके तेच ग्राह्य धरले गेले. पुढील इतिहास समजून घेण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पूर्वपीठिका (१९६१ ते १९८८) :

संगणकाच्या संदर्भात पासवर्डचा वापर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रूढ झाला. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या 'सीटीएसएस' या प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. एकच संगणक अनेक जण वापरीत असल्याने प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राखण्याची गरज होती. त्यासाठी प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड देण्यात आला. या व्यवस्थेत एक गृहीतक होते : पासवर्ड जाणणारा तोच खातेदार. खातेदाराच्या वतीने दुसरे कोणी येईल, ही शक्यता त्यात विचारात घेतलेली नव्हती.

अधिकार किती द्यावा, या प्रश्नाची तात्त्विक मांडणी १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावरील आपल्या दीर्घ निबंधात केली. प्रत्येक आज्ञावलीला व प्रत्येक वापरकर्त्याला काम पूर्ण करण्यास आवश्यक तेवढाच, त्याहून अधिक नव्हे, असा अधिकार असावा, हे तत्त्व त्यांनी मांडले. किमान अधिकाराचे तत्त्व म्हणून ते आजही संगणकसुरक्षेच्या प्रत्येक पाठ्यक्रमात शिकविले जाते.

१९८८ मध्ये नॉर्म हार्डी यांनी 'कन्फ्यूज्ड डेप्युटी' या शीर्षकाचा एक छोटा लेख प्रसिद्ध केला. मराठीत त्यास 'गोंधळलेला मुतालिक' म्हणता येईल. संगणक भाड्याने वापरू देणाऱ्या एका कंपनीतील प्रसंग त्यात सांगितला आहे. तेथील कंपायलरला, म्हणजे भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीला, वापराची आकडेवारी नोंदविण्यासाठी एका विशिष्ट विभागात लिहिण्याचा अधिकार होता. ग्राहकांच्या देयकांची फाइलही त्याच विभागात होती. एका वापरकर्त्याने आपले निष्कर्ष साठविण्यासाठी त्या देयकांच्या फाइलचेच नाव दिले. कंपायलरने स्वतःच्या अधिकाराने ती फाइल पुसून तिच्यावर नवा मजकूर लिहिला. वापरकर्त्यास तो अधिकार नव्हता, कंपायलरला होता. आणि आपण कोणाच्या वतीने कोणता अधिकार वापरीत आहोत, हे कंपायलरला कळत नव्हते. प्रतिनिधीस दिलेला अधिकार भलत्याच्या हेतूसाठी वापरला जाऊ शकतो, हा धडा त्या लेखाने दिला. त्रयस्थ ॲपच्या बाबतीत पुढे जे घडले, त्याचे बीजरूप दर्शन येथे होते.

पासवर्ड देऊन टाकण्याचा काळ आणि ओऑथचा उदय (२००४ ते २०१२) :

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंटरनेटवरील सेवा एकमेकींशी जोडल्या जाऊ लागल्या. नव्या संकेतस्थळावर नोंदणी करताना मित्रांचा शोध घेण्यासाठी ई-मेल खात्याचा पासवर्ड मागितला जाई आणि लोक तो देतही असत. घराची किल्लीच हाती दिल्यासारखा हा प्रकार होता. दिलेल्या पासवर्डने केवळ संपर्कयादीच नव्हे, तर सर्व काही उघडत असे. परवानगी परत घ्यावयाची झाल्यास पासवर्ड बदलणे हा एकच मार्ग असे आणि तसे केल्यास जोडलेल्या इतर सर्व सेवाही बंद पडत. किमान अधिकाराच्या तत्त्वाचा येथे पूर्ण विसर पडलेला होता.

याच काळात संस्थांचा कारभारही इंटरनेटवरील खात्यांत येऊ लागला. सेल्सफोर्सने २००५-०६ मध्ये त्रयस्थ ॲपसाठी 'ॲपएक्सचेंज' ही बाजारपेठ उभारली. गूगलने ऑगस्ट २००६ मध्ये संस्थांच्या स्वतःच्या नावाने ई-मेल खाती देण्याची सेवा सुरू केली. मार्च २०१० मध्ये तिला जोडून गूगलनेही त्रयस्थ ॲपची बाजारपेठ उघडली. मायक्रोसॉफ्टचे 'ऑफिस ३६५' जून २०११ मध्ये आले. त्यामुळे त्रयस्थ प्रवेशाचा प्रश्न खासगी मित्रयादीपुरता न राहता संस्थेच्या दप्तरापर्यंत येऊन पोहोचला.

मोठ्या कंपन्यांनी पासवर्ड न देता प्रवेश देण्याच्या आपापल्या पद्धती तयार केल्या होत्या. परंतु त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. नोव्हेंबर २००६ मध्ये ट्विटरमध्ये काम करणारे ब्लेन कुक यांच्यासमोर ही अडचण आली. ख्रिस मेसिना, डेव्हिड रेकॉर्डन, लॅरी हाफ आदींशी झालेल्या चर्चेतून सर्वांसाठी खुली व एकसमान पद्धत तयार करण्याचे ठरले. तिचे नाव 'ओऑथ' ठेवण्यात आले. २००७ मध्ये तिची पहिली आवृत्ती निश्चित झाली. मोटार उभी करून ठेवणाऱ्या सेवकास देण्यात येणाऱ्या मर्यादित किल्लीची उपमा तिच्या प्रारंभीच्या प्रचारकांनी वापरली होती. अशा किल्लीने मोटार थोडे अंतर चालविता येते. परंतु मागील सामानाचा कप्पा उघडत नाही.

आरंभापासूनच या पद्धतीतील उणिवाही प्रकट होऊ लागल्या. एप्रिल २००९ मध्ये तिच्यात एक गंभीर दोष आढळला. संमतीची प्रक्रिया हल्लेखोराने सुरू करावी आणि ती बेसावध खातेदाराकडून पूर्ण करवून घ्यावी, असे त्याचे स्वरूप होते. जून २००९ मध्ये दुरुस्त आवृत्ती काढण्यात आली. इंटरनेटचे मानदंड ठरविणाऱ्या 'आयईटीएफ' या संस्थेने एप्रिल २०१० मध्ये ही पद्धत 'आरएफसी ५८४९' या क्रमांकाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर ट्विटरने त्रयस्थ ॲपना पासवर्डद्वारे मिळणारा प्रवेश बंद केला.

दुसरी आवृत्ती, म्हणजे ओऑथ २.०, ऑक्टोबर २०१२ मध्ये 'आरएफसी ६७४९' या क्रमांकाने आली. तत्पूर्वी जुलै २०१२ मध्ये तिचे प्रमुख संपादक इरन हॅमर यांनी पदत्याग केला होता. उद्योगसमूहांच्या गरजा भागविण्याच्या नादात ही पद्धत अतिशय सैल झाली असून तिचा सुरक्षित वापर करणे सामान्य आज्ञावलीकारास कठीण जाईल, असा त्यांचा आक्षेप होता. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक मागणीवर सांकेतिक स्वाक्षरी करावी लागे. दुसऱ्या आवृत्तीत ज्याच्या हाती टोकन तोच अधिकारी, असे सोपे सूत्र प्रचलित झाले. या सोपेपणामुळे ओऑथचा प्रसार जगभर झाला हे खरे. परंतु चलनी नोटेप्रमाणे टोकनही चोरीस जाऊ शकते, हा धोका त्याबरोबरच आला. जानेवारी २०१३ मध्ये आयईटीएफने संभाव्य धोक्यांची सविस्तर यादी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये टोकन रद्द करण्याची पद्धतही प्रमाणित केली.

येथे एक बाब विशेष नमूद केली पाहिजे. ओऑथच्या मूळ रचनेत तीन पक्ष प्रामुख्याने कल्पिलेले होते : खातेदार, त्रयस्थ ॲप व खाते पुरविणारी सेवा. खातेदारासाठी त्यात वापरलेल्या शब्दाचा अर्थच 'साधनाचा मालक' असा आहे. खासगी छायाचित्रे अथवा मित्रयादी यांच्या बाबतीत हे वर्णन बव्हंशी योग्य होते. कार्यालयीन खात्याच्या बाबतीत मात्र ते योग्य नव्हते. तेथे चौथा पक्ष म्हणजे संस्था आणि पाचवा पक्ष म्हणजे ज्यांची माहिती साठविलेली आहे ते लोक. संमतीच्या चौकटीत या दोघांनाही स्थान नव्हते. पुढील काळातील बहुतेक अनर्थांचे मूळ या उणिवेत सापडते.

संमतीची फसवणूक (२०१७ ते २०२०) :

दि. ३ मे २०१७ रोजी असंख्य लोकांना ओळखीच्या व्यक्तीकडून एक ई-मेल आली. एक दस्तऐवज पाहण्याचे निमंत्रण तीत होते. दुवा उघडताच गूगलचे खरेखुरे पृष्ठ समोर येई आणि 'गूगल डॉक्स' या नावाचे ॲप पत्रव्यवहार व संपर्कयादी हाताळण्याची परवानगी मागे. ते ॲप गूगलचे नव्हतेच. कोणीतरी आपल्या त्रयस्थ ॲपला ते नाव देऊन टाकले होते. परवानगी मिळताच खातेदाराच्या संपर्कयादीतील सर्वांना तेच निमंत्रण जाई. गूगलने सुमारे तासाभरात हा प्रसार थांबविला आणि ०.१ टक्क्याहून कमी वापरकर्ते बाधित झाल्याचे सांगितले. जीमेलचे वापरकर्ते तेव्हा १०० कोटींहून अधिक होते हे लक्षात घेता ही संख्याही लहान म्हणता येत नाही.

या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या पद्धतीत आहे. येथे पासवर्ड चोरला गेला नाही, पासवर्ड मागणारे बनावट पृष्ठही दाखविले गेले नाही. अधिकृत पृष्ठावर, अधिकृत मार्गाने, खातेदाराने स्वहस्ते परवानगी दिली. दुहेरी पडताळणीचाही येथे उपयोग नव्हता, कारण खातेदार खराच होता. विशेष म्हणजे ॲपला भलतेच नाव देऊन फसवणूक करता येईल, ही शंका आयईटीएफच्या ओऑथविषयक चर्चेत २०११ मध्येच उपस्थित करण्यात आली होती. इशारा आणि उपाय यांमध्ये सहा वर्षे गेली. घटनेनंतर जुलै २०१७ मध्ये गूगलने दोन बदल केले. न पडताळलेल्या ॲपसाठी इशारा देणारे पृष्ठ सुरू झाले आणि कोणत्या ॲपना प्रवेश द्यावा याची यादी ठरविण्याची सोय संस्थांच्या प्रशासकांना मिळाली. चौथ्या पक्षाचा या व्यवस्थेत झालेला हा ठळक प्रवेश होय.

पाचव्या पक्षाचा प्रश्न मार्च २०१८ मध्ये जगासमोर आला. अलेक्झांडर कोगन यांच्या एका व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या ॲपद्वारे फेसबुकवरील माहिती गोळा करून ती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीस देण्यात आली होती. ॲप वापरणारे सुमारे २ लाख ७० हजार होते. परंतु तत्कालीन नियमांनुसार त्यांच्या मित्रांचीही माहिती ॲपला मिळत असल्याने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोक बाधित झाल्याचा फेसबुकचा अंदाज होता. फेसबुकने दिलेल्या माहितीनुसार भारतात हे ॲप अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते आणि संभाव्य बाधितांची संख्या मात्र ५ लाख ६२ हजारांहून अधिक होती. हे प्रकरण कार्यालयीन खात्यांचे नव्हे. तथापि एकाच्या संमतीने दुसऱ्याची माहिती किती प्रमाणात बाहेर जाऊ शकते, याचे त्याहून स्पष्ट उदाहरण नाही. कार्यालयीन खात्यात तर प्रत्येक संमती ही स्वभावतःच दुसऱ्यांच्या माहितीविषयीची संमती असते.

ऑगस्ट २०२० मध्ये संगणकसुरक्षेचे प्रशिक्षण देणारी सॅन्स इन्स्टिट्यूट हीच संस्था या प्रकाराची बळी ठरली. तेथील एका कर्मचाऱ्याने फसव्या ई-मेलमुळे 'ऑफिस ३६५' खात्यास एक घातक ॲप जोडले. परिणामी ५१३ ई-मेल परस्पर बाहेरच्या पत्त्यावर पाठविल्या गेल्या आणि त्यांतून सुमारे २८ हजार वैयक्तिक नोंदी उघड झाल्या. संस्थेने ही बाब स्वतःहून जाहीर केली. जेथे इतरांना सावधगिरी शिकविली जाते तेथेही एक चूक पुरेशी ठरली. त्यामुळे केवळ 'कर्मचाऱ्यांनी सावध राहावे' हा उपदेश अपुरा असल्याचे सिद्ध झाले. नोव्हेंबर २०२० पासून मायक्रोसॉफ्टने नव्याने नोंदविलेल्या आणि निर्मात्याची ओळख न पडताळलेल्या बहुतांश बाहेरील ॲपना सामान्य वापरकर्त्याने परस्पर संमती देण्यावर निर्बंध घातला.

टोकनची चोरी (२०२२ ते २०२५) :

यानंतरच्या कालखंडात हल्ल्याचे लक्ष्य बदलले. खातेदारास फसविण्याऐवजी, त्याने पूर्वी प्रामाणिक ॲपला दिलेली टोकनेच पळविण्याचा मार्ग अवलंबिला गेला. एप्रिल २०२२ मध्ये गिटहब या आज्ञावली साठविणाऱ्या सेवेने जाहीर केले, की हेरोकू व ट्रॅव्हिस-सीआय या दोन त्रयस्थ सेवांना दिलेली टोकने चोरून अनेक संस्थांची खासगी सामग्री उतरवून घेण्यात आली. गिटहबची व्यवस्था फुटली नव्हती. ज्यांच्याकडे मुखत्यारपत्रे होती, त्यांच्या कपाटातून ती गेली होती.

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःवरील हल्ल्याची माहिती दिली. 'मिडनाइट ब्लिझार्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस चाचणीसाठी तयार केलेल्या एका जुन्या खात्यात प्रवेश मिळविला. त्या खात्यास दुहेरी पडताळणी नव्हती. तेथे चाचणीचे एक जुने ओऑथ ॲप होते आणि त्यास कंपनीच्या मुख्य व्यवस्थेत मोठे अधिकार होते. त्या वाटेने वरिष्ठ अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार वाचला गेला. विस्मृतीत गेलेले, पण रद्द न केलेले मुखत्यारपत्र किती घातक ठरते, हे यावरून दिसते.

सर्वांत व्यापक प्रकरण ऑगस्ट २०२५ मधील होय. सेल्सलॉफ्ट कंपनीचे 'ड्रिफ्ट' हे ग्राहकांशी संवाद साधणारे ॲप अनेक संस्थांनी आपल्या सेल्सफोर्स खात्यांना जोडलेले होते. हल्लेखोरांनी ड्रिफ्टकडील टोकने हस्तगत केली आणि ८ ते १८ ऑगस्टच्या दरम्यान त्या संस्थांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर उतरविल्या. बाधित संस्थांची संख्या ७०० हून अधिक असल्याचे गूगलच्या तज्ज्ञांनी सांगितले. क्लाउडफ्लेअर, पालो आल्टो नेटवर्क्स व झेडस्केलर या खुद्द सुरक्षेच्या क्षेत्रातील कंपन्यांचा त्यांत समावेश होता. दि. २० ऑगस्ट रोजी ड्रिफ्टची सर्व टोकने रद्द करण्यात आली. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने तर फोनवरून आपण संगणक विभागातील कर्मचारी असल्याचे भासवून सेल्सफोर्स खात्यांना घातक ॲप जोडून घेतले. म्हणजे संमतीची फसवणूक व टोकनची चोरी या दोन्ही पद्धती एकाच वेळी प्रचलित असल्याचे दिसते.

निर्णय संस्थेकडे परत येताना :

उपरोक्त घटनांनंतर झालेल्या सुधारणांचा क्रम पाहिला असता एक दिशा स्पष्ट होते. संमतीचा अधिकार व्यक्तीकडून हळूहळू संस्थेकडे परत जात आहे. गूगलने ऑक्टोबर २०१८ मध्ये जीमेलमधील माहिती मागणाऱ्या ॲपवर कडक अटी जाहीर केल्या आणि २०१९ पासून अशा ॲपच्या सुरक्षातपासणीची व्यवस्था आणली. संस्थेच्या प्रशासकास प्रत्येक ॲपची विश्वासार्ह, मर्यादित वा प्रतिबंधित अशी वर्गवारी करता येऊ लागली. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत कर्मचाऱ्याने विनंती करावी व प्रशासकाने ती मंजूर करावी, असा मार्ग उपलब्ध झाला. २०२५ च्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टने फाइलींमध्ये प्रवेश मागणाऱ्या त्रयस्थ ॲपसाठी प्रशासकाची मंजुरी हाच मूळ नियम करण्यास प्रारंभ केला. जानेवारी २०२५ मध्ये आयईटीएफने 'आरएफसी ९७००' द्वारे ओऑथ २.० च्या सुरक्षित वापराचे अद्ययावत संकेत प्रसिद्ध केले. जुन्या सैल पद्धती टाळाव्यात आणि चोरीस गेलेले टोकन दुसऱ्यास वापरता येऊ नये अशी योजना करावी, यावर त्यात भर आहे.

भारतीय कायद्याची वाटचालही याच दिशेने झाली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ समाविष्ट झाले आणि संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या कंपन्या व तत्सम निकायांवर हलगर्जीपणाबद्दल भरपाईची जबाबदारी आली. एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या निर्देशांनी संगणकीय सुरक्षेच्या विशिष्ट घटनांची माहिती सहा तासांत कळविणे बंधनकारक केले. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अंमलबजावणीची तरतूद झाली. या अधिनियमाच्या कलम ८ नुसार माहिती गोळा करणारी संस्था ही तिच्या वतीने माहिती हाताळणाऱ्या इतरांच्या कृतीसही उत्तरदायी आहे. योग्य सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुखत्याराच्या कृत्यास मालक जबाबदार, हे जुने तत्त्वच येथे नव्या रूपात आले आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने विचार :

महाविद्यालयाच्या खात्यांत काय असते याचा विचार केल्यास विषयाचे गांभीर्य लक्षात येते. प्रवेश अर्ज, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीसाठी दिलेले उत्पन्नाचे व बँकेचे तपशील, गुणपत्रके, तक्रार समित्यांचा पत्रव्यवहार, अप्रकाशित संशोधन असे बरेच काही त्यांत साठलेले असते. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी तर १८ वर्षांखालील, म्हणजे २०२३ च्या अधिनियमाच्या व्याख्येनुसार बालक असतात. एखाद्या प्राध्यापकाने सोयीसाठी जोडलेल्या ॲपला ड्राइव्हमधील सर्व फाइली पाहण्याची परवानगी मिळाली, तर ती त्याच्या एकट्याच्या टिपणांपुरती राहत नाही. त्याच्याशी वाटून घेतलेल्या विभागाच्या फाइलीही त्या परवानगीच्या कक्षेत येतात. प्राध्यापकाचा हेतू चांगला असतो, ॲपही बहुधा प्रामाणिक असते. परंतु २०२२ व २०२५ च्या घटनांनी दाखविल्याप्रमाणे ॲप प्रामाणिक असणे पुरेसे नाही, ते स्वतः सुरक्षितही असावे लागते.

दुसरी अडचण नोंदींची आहे. महाविद्यालयात जडसंग्रह नोंदवही असते, खुर्च्या व मेजांची दरवर्षी मोजदाद होते. संस्थेच्या खात्यांना कोणकोणती ॲप जोडलेली आहेत, याची नोंद मात्र त्या शिस्तीने ठेवली जात नाही. सेवानिवृत्त वा बदलून गेलेल्या व्यक्तीचे खाते चालूच राहिले, तर त्याला जोडलेली ॲपही चालू राहतात. पासवर्ड बदलला म्हणजे सर्व टोकने आपोआप रद्द होतात, हा समजही बरोबर नाही. ते सेवेनुसार व परवानगीच्या प्रकारानुसार ठरते.

याउलट सरसकट बंदी हाही उपाय नव्हे. इतिहास पाहता लोक पासवर्ड देऊन टाकत होते ते गरजेपोटी. अधिकृत वाट बंद केल्यास खासगी खात्यातून तेच काम होऊ लागते आणि संस्थेची माहिती तिच्या नजरेआड जाते. म्हणून मागणी करण्याची सोपी वाट आणि मंजुरीस लागणारा थोडा वेळ या दोन्ही गोष्टी व्यवस्थेचा भाग असणे आवश्यक आहे. अध्यापनाचे स्वातंत्र्य आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची राखण यांत विरोध नाही. दोहोंसाठी निर्णयाची जागा निश्चित असावी लागते.

निष्कर्ष :

प्रस्तुत आढाव्यातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ओऑथ पद्धतीने पासवर्ड देऊन टाकण्याची घातक प्रथा मोडली, हे तिचे ऐतिहासिक कार्य होय. तथापि तिने खातेदारास माहितीचा मालक मानले आणि कार्यालयीन खात्यांत हे गृहीतक लागू पडत नाही.

२) २०१७ ते २०२० या काळातील घटनांत संमती फसवून मिळविली गेली, तर २०२२ नंतरच्या प्रमुख घटनांत पूर्वी दिलेल्या संमतीची फळे चोरली गेली अथवा विसरलेले अधिकार वापरले गेले. पहिल्यावर उपाय म्हणजे मंजुरीपूर्वीची छाननी, तर दुसऱ्यावर उपाय म्हणजे मंजुरीनंतरचा नियमित आढावा. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

३) संस्थेने जोडलेल्या ॲपची नोंदवही ठेवावी. ॲपचे नाव, निर्माता, मागितलेले अधिकार, मागणी करणारा विभाग, मंजुरीची तारीख व पुनर्विचाराची तारीख एवढ्या रकाने त्यासाठी पुरेसे आहेत. वापर संपताच अधिकार रद्द करावा.

४) १९७५ मध्ये मांडले गेलेले किमान अधिकाराचे तत्त्व आजही मार्गदर्शक आहे. एका फाइलीचे काम असेल तेथे सर्व फाइलींचा अधिकार मागणारे ॲप नाकारणे हेच योग्य होय.

५) सावधगिरीचा सर्व भार एकट्या कर्मचाऱ्यावर टाकणे अन्यायकारक आहे आणि निरुपयोगीही. ज्या माहितीबद्दल संस्था उत्तरदायी आहे, त्या माहितीसंबंधीचा निर्णयही संस्थेनेच घेतला पाहिजे.

संस्थेच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक पत्रव्यवहारावर जावक क्रमांक घालण्याची शिस्त शिक्षणसंस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. एका बटणाच्या दाबाने संस्थेचे संपूर्ण दप्तर त्रयस्थास खुले होऊ शकते अशा काळात, त्या बटणालाही त्याच शिस्तीच्या कक्षेत आणणे ही विद्यार्थ्यांनी विश्वासाने सोपविलेल्या माहितीप्रती असलेली संस्थेची प्राथमिक जबाबदारी ठरते.